वाढलेल्या बांगड्या

“कुठं जाणार आहे मी?” मामंजींनी विचारलं.

टाय लावलेला तो माणूस गडबडला. आमच्या ह्यांच्या मित्राचा मेहुणा, विम्याचं काम नवीनच धरलेलं. त्याचं वाक्य होतं, “समजा काका, उद्या तुम्ही अचानक गेलात...” आता हे वाक्य भर दुपारी, तासगावच्या पेठेत, बांगड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कुणी ऐकवतं का?

“गेलात म्हणजे... वारलात, काका.”

मामंजींनी गल्ल्यावरच्या कालिकामातेच्या तसबिरीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. “चहा झाला ना तुमचा? बरं. या आता.”

तो गेला तो गेलाच. छत्री विसरला, ती न्यायलासुद्धा आला नाही.

त्याचं काय चुकलं ते मला कळलं होतं, कारण माझंही एकदा चुकलं होतं. आम्ही कासार. पण माझं माहेर बार्शीचं, भांड्यांच्या दुकानातलं. पातेलं आपटलं तर पोचा येतो आणि आपण ‘पोचा आला’ म्हणतो, विषय संपला. सासरी कालिका बांगडी भांडार. लग्न होऊन आले, पहिल्याच आठवड्यात एका बाईच्या हातात बांगडी भरताना ती तडकली आणि मी बोलून गेले, “अगंबाई, फुटली.” त्या बाईनं मंगळसूत्र मुठीत धरलं. आत्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, “वैजू, या दुकानात बांगडी फुटत न्हाई. वाढती. नारळ वाढवतो का न्हाई, तशी.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. बांगडी फुटली म्हणायचं ते फक्त नवरा गेल्यावर, म्हणून सवाष्णीसमोर तो शब्द काढायचाच नाही. आत्यांनी तर जन्मात काढला नव्हता. कपबशी फुटली तरी त्या ‘वाढली’ म्हणायच्या. एकदा फुगा फुटला तेव्हा ‘वाढला’ म्हणाल्या आणि मला इतकं हसू आलं की मी मोरीत जाऊन हसून आले.

तर विम्याचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं, कारण शेजारच्या गल्लीतलं कापडाचं दुकान शॉर्टसर्किटनं जळून गेलं होतं. ह्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचे, जिन्यावरून परत खाली येऊन बघायचे, वर जाऊन पुन्हा यायचे. खाली दुकान, वर घर. खाली लागलं तर वर काय राहणार, हे त्यांच्या मनातून जाईना.

टायवाला गेल्यावर मीच सुचवलं, मुल्लाभाभींना विचारू. रेहाना मुल्ला आमच्या जुन्या गिऱ्हाईक, दर ईदला पोरीबाळींना घेऊन यायच्या. नवऱ्याच्या मागं विम्याची कामं करून घर उभं केलेलं. त्या आल्या, गादीवर बसल्या, पाणी प्याल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “मामा, देवीच्या कृपेनं काही होणार नाही. पण समजा, उद्या दुकानच वाढलं, तर?”

मामंजींनी चष्मा काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी धड बोललं होतं. “बोला,” म्हणाले.

मग भाभींनी एकेक विचारायला सुरुवात केली. घर स्वतःचं का? वर टीव्ही, फ्रीज, दागिने काय काय? मामंजी छाती काढून म्हणाले, “पेठेतली जागा आहे. किंमत तुम्हाला ठाऊक आहेच.”

“जागा जळत नाही मामा. जमीन आहे तिथंच राहते. भिंती, छप्पर, जिना परत बांधायला काय लागेल, तेवढंच सांगा. उगाच फुगवून हप्ता कशाला भरता?”

मामंजींचं तोंड जरा उतरलं, पण त्यांना पटलं.

“आणि माल?” ह्यांनी विचारलं. “काचेचा माल हाच आमचा जीव.”

“आग लागली, पूर आला, चोरी झाली तर मिळेल. पण ठेवता-काढताना वाढला, तर त्याचं काही मिळणार नाही. काच आहे भाऊजी. कंपनी म्हणते, काच तर वाढणारच.”

“मग उपयोग काय?” मामंजी चिडले.

“उपयोग मोठ्या संकटाला. लहानसहान आपणच सोसायचं असतं. छत्री पावसाला असते, दवाला कोण उघडतं?”

हे बोलणं आत्या लांबून ऐकत होत्या. त्या नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होत्या. त्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत नसत. उजव्या हाताची दोन बोटं वळायची नाहीत. वात आहे म्हणायच्या. खरं सांगू, मला वाटायचं, सून आली आणि आत्यांना वात आला. भरायचं काम सगळं माझ्यावर. आणि माझा हात हलका, बायका म्हणायच्या वैजूवहिनींकडूनच भरणार. लग्नसराईत माझ्यापुढं रांग लागायची.

दुकान आणि घर मिळून एक विमा ठरला. मग भाभी म्हणाल्या, “आता माणसाचा. अपघाताचा घ्या. हप्ता कमी असतो. हात-पाय मोडला, काम बंद पडलं, तर दवाखान्याचा खर्च येतो आणि काम बंद असेल तोवर दर आठवड्याला घरात थोडंफार येत राहतं. सध्या एकाचाच परवडणार म्हणता, तर एकाचा घ्या. कुणाचा?”

“ह्याचाच की,” मामंजी मुलाकडं बोट करून म्हणाले. “माल आणायला फिरोजाबादपर्यंत जातो. कर्ता माणूस.”

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. भाभींनी पेन उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. “हिच्या नावावर करा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या बांगड्याच ओवत होत्या.

“हिच्या म्हणजे?” मामंजींनी विचारलं.

“वैजूच्या. तो गाडीत बसून जातो अन् बसून येतो. त्याचा पाय मोडला तर माल पार्सलनं यील. हिचा हात वाढला, तर मग?”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ‘हिचा हात वाढला तर.’ जी बाई फुग्याला फुटला म्हणत नाही, ती माझ्या हाताबद्दल असलं बोलते? भरल्या घरात, तिन्हीसांजेला? बांगडीचं अभद्र बोलायचं नाही आणि सुनेचं मात्र खुशाल बोलायचं!

“अगं, ती घरातली बाई,” मामंजी म्हणाले. “विमा कमावत्याचा काढतात.”

“बरोबर, कमावत्याचाच काढतात,” भाभी हळूच म्हणाल्या. “वहिनी कमावत्या आहेत असं लिहावं लागेल.”

“मग लिवा की. दिसभर या गादीवर बायकांचे हात धरून कोण बसतं, मी का तुमी?”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान फिरवली. पण भाभींनी लिहिलं: वैजयंता अंदुरे, बांगडी व्यावसायिक. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव पहिल्यांदाच असं ठसठशीत कुठं लिहिलं गेलं होतं, पण रागापायी मला त्याचं कौतुकसुद्धा वाटलं नाही. माहेरी फोन करून आईला सांगितलं, “माझ्या सासूची जीभ काळी आहे.”

पुढं कितीतरी दिवस मी आत्यांशी कामापुरतं बोलत होते. चहा ठेवला, आंघोळीचं पाणी काढलं, बास. त्यांना फरक पडत होता असंही दिसलं नाही. एकदा मात्र म्हणाल्या, “वरच्या मांडणीचा खिळा हाललाय, त्याला सांग.” मी सांगितलं. ‘रविवारी बघतो’ म्हणून हे विसरले. मग श्रावण आला आणि सगळेच विसरले.

श्रावणात आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. नागपंचमीच्या आधीची ती दुपार. मामंजी जेवायला वर गेलेले, हे मालाच्या गाडीकडं. दुकानात आत्या आणि मी. गर्दी ओसरली म्हणून मी स्टुलावर चढून वरचा हिरवा माल काढायला गेले, आणि मांडणीच खाली आली. मी सवयीनं दोन्ही हात वर केले. आपण माल सांभाळायलाच शिकलेलो, स्वतःला नाही. सगळी काच माझ्या हातावर.

मला दुखलं नाही आधी. मी खाली बसले, उजव्या तळहाताकडं पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी उघडलं होतं सगळं. रक्त पाहून नाही, पण दोन बोटं वळवायला गेले आणि ती वळली नाहीत, तेव्हा मी ‘आत्या’ म्हणून हाक मारली.

आत्या एवढ्या वयाच्या बाई, त्या काचेवरून अनवाणी माझ्याकडं आल्या. पदर फाडून हात बांधला. तोंडानं एकच चाललं होतं, “मिरजेला. गावातल्या डॉक्टरकडं न्हाई. मिरजेला न्यायचं.” मामंजी धावत खाली आले, म्हणाले, आधी इथल्या दवाखान्यात टाके घालू. तर त्यांच्यावर ओरडल्या. मामंजींवर ओरडताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मिरजेला गेलो. शीर तुटलेली होती, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पण पुढं काही महिने रोज बोटांचे व्यायाम करून घ्यावे लागतील, इथंच येऊन. ते नीट केले तर बोटं वळतील, अर्धवट सोडले तर अशीच राहतील. मी हाताच्या त्या पांढऱ्या गाठोड्याकडं बघत होते. डोक्यात एकच, हा हात आता कुणाच्या हातात बांगडी भरणार का? आणि खरं सांगते, तेव्हाही मनात आलं, आत्यांच्याच जिभेनं झालं हे.

मुल्लाभाभी भेटायला आल्या. कागदपत्रं त्यांनीच पाठवली. जाताना म्हणाल्या, “कंपनीचा फोन येईल. समोर कोण होतं ते विचारतील. आत्याच होत्या ना? अपघात कसा झाला, एवढं एक नीट सांगा. सगळं त्याच्यावर आहे.” आमचे हे पुढच्या मिरजेच्या फेऱ्या आणि व्यायामाचा खर्च कसा करायचा, याचा हिशोब मनात घोळवत बसलेले. दुकानात भरणारं कुणी नाही. ऐन श्रावणात गिऱ्हाईक येऊन परत जात होतं.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे दुकानातच होतो. मी गळ्यात हात अडकवून बसलेली. दोन बायका बांगड्या बघत उभ्या. ह्यांनी मोबाइलचा आवाज मोठा करून तो गादीवर ठेवला. पलीकडं मुलगी होती, शहरातली, बोलणं अगदी स्वच्छ. आधी माझं विचारून झालं. मग म्हणाली, “आता साक्षीदारांना बोलू द्या. त्यांच्याच शब्दांत. कॉल रेकॉर्ड होतोय.”

आत्या फोनच्या पुढ्यात सरसावून बसल्या.

“आजी, अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथं होतात?”

“व्हय, म्होरंच बसलेले की.”

“काय झालं ते सांगा.”

“वरची मांडणी आली खाली. बांगड्या वाढल्या, अन् हिच्या हातात गेल्या.”

पलीकडची टायपिंगची टकटक थांबली. “बांगड्या वाढल्या? म्हणजे मांडणीवर जास्त माल ठेवला होता का?”

“न्हाई गं बाई. माल नेमीइतकाच. तो वाढला.”

“किती वाढला?”

“समदाच वाढला की!”

“बरं. आणि मग तुमच्या सुनेनं त्या हातात घातल्या?”

“घातल्या कशाला? आपसूक गेल्या.”

“आजी, बांगड्या आपोआप हातात कशा जातील?”

बघणाऱ्या बायकांतली एक फिसकन हसली. मला हसायला येईना. मी पुढं वाकून म्हणाले, “अहो मॅडम, त्याचा अर्थ...”

“प्लीज, तुम्ही थांबा. तुमचं झालंय. तुम्ही त्यांना सांगितलंत तर त्यांचा जबाब धरता येणार नाही.” ती जरा वैतागली होती. “आजी, तुम्ही म्हणता माल वाढला आणि सुनेच्या हातात बांगड्या गेल्या. यात जखम कुठं आली? मला इथं काहीतरी लिहायला लागेल. मी ‘कारण स्पष्ट नाही’ लिहिते.”

“थांब,” आत्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग मामंजींकडं पाहिलं. मामंजी समोर गल्ल्यावर, नवरा जिवंत, डोळ्यांदेखत. आत्यांच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा. त्यांनी पदर ओढला आणि दोन्ही मनगटांवरच्या बांगड्या झाकून घेतल्या, बांगड्यांनाच तो शब्द ऐकू जाऊ नये म्हणून. आणि बोलल्या.

“फुटल्या. बांगड्या फुटल्या. फुटकी काच माझ्या सुनंच्या हातात घुसली अन् हाताची शीर तुटली. आता लिव.”

मघा हसलेली बाई मंगळसूत्र धरून उभी. मी आत्यांकडं बघत राहिले. ह्यांचं तोंड उघडंच. सगळ्यांना वाटलं, आता मामंजी उठतील, काहीतरी भयंकर बोलतील.

मामंजींनी चष्मा पुसला. “परत सांग,” म्हणाले. “मोठ्यानं. बाईंना नीट ऐकू गेलं पाहिजे.”

“फुटल्या!” आत्या मोठ्यानं म्हणाल्या. “फुटल्या, फुटल्या, फुटल्या!”

“हो आजी, समजलं,” ती मुलगी घाईनं म्हणाली. “काच फुटून हाताला इजा. लिहिलं.”

फोन बंद झाला. आत्या उठल्या, देवीपुढं गेल्या, करंड्यातलं हळदीकुंकू स्वतःच्या बांगड्यांना लावलं. मग थोडं मामंजींच्या कपाळालाही लावलं. मामंजी गुपचूप लावून घेत होते. मी रडायला लागले. मला कुणी रडण्याचं कारण विचारलं असतं तर तेव्हा धड सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, “आत्या, माझ्यासाठी तुम्ही तो शब्द...”

“मग काय करायचं होतं? तिला वाढणं कळंना.” मग उजवा हात माझ्यापुढं धरला, त्या न वळणाऱ्या दोन बोटांचा. “हे बघ. वात न्हाई ह्यो.”

अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरी रेघ होती. इतकी वर्षं मी त्यांना पाणी दिलं, ताट दिलं, ती रेघ मला दिसली नव्हती.

“तुजं मालक पोटात हुतं तवाची गोष्ट. पेटी उघडताना काच गेली. गावातच टाकं घातलं. डॉक्टर म्हणाला, शीर हाय, मिरजेला न्या. घरात म्हणाले, बाईचा हात हाय, हळद लावा, हुईल बरा. झाला बी बरा. बोटं तेवढी गेली.” त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. “माजा हातबी लई हलका हुता गं. बायका आटपाडीवनं यायच्या. सासू म्हणाली, आता तू ओवत बस. तवापासून ओवतीया.”

“मामंजी काही बोलले नाहीत?”

“ते तरी काय, पोरगंच हुतं तवा. आईम्होरं कोण बोलतं? मलाबी वाटलं, बाईच्या हाताला कोण इचारतंय. पर त्या दिशी ती भाबी म्हणाली, कुणाचा, अन् मला वाटलं, आता कुणीतरी इचारलंय, तर सांगावं.”

मी त्यांचा तो हात दोन्ही हातांत घेणार होते, पण माझा एकच मोकळा होता. तोच ठेवला. एवढं मोठं देणं त्यांनी मला दिलं होतं आणि मी ते शाप म्हणून उरात घेऊन फिरत होते. किती भाग्याची मी, किती आंधळी. त्यांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, “बास आता. हात हलवू नगंस.”

कंपनीनं सगळं मान्य केलं. मिरजेच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. आठवड्याला जे येत होतं, त्यात घर ओढत-ताणत चाललं. पहिल्यांदा बोटं वळली तेव्हा मी तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंना मिठीच मारली. मांडणी ह्यांनी नवी बसवली, भिंतीला लोखंडी पट्ट्या मारून. पॉलिसीचा हप्ता मी आजतागायत चुकवला नाही, आणि भाभींच्या पोरींना दर ईदला चुडा आमच्याकडून.

संक्रांतीच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, आता काम करा. मी दुकानात गादीवर बसले. माझ्यापुढं पहिलं गिऱ्हाईक कोण येतं म्हणून बघत होते, तर कोपऱ्यातून आत्या उठून आल्या आणि समोर बसल्या.

“भर,” म्हणाल्या.

आम्ही बांगड्या भरल्या की बायका आम्हाला नमस्कार करतात. रीतच आहे ती, भरणाऱ्याचं वय बघत नाहीत. पण सासूला सुनेनं भरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी त्यांचा हात धरला. दोन बोटं ताठ, त्यामुळं सांधा दबत नव्हता. माझा अंगठाही अजून चुरचुरत होता. दोघींचे हात कसेबसे जमवत एकेक हिरवी बांगडी चढवली. शेवटची चढवताना टक्कन आवाज आला. तुकडा गादीवर पडला. मी घाबरून वर पाहिलं.

“काय झालं?” मामंजींनी गल्ल्यावरून विचारलं.

“काय न्हाई,” आत्या म्हणाल्या. “वाढली एक.”

मी दुसरी घेतली, ती नीट बसली. एका हातात एक जास्त भरायची असते, तीही भरली. मग आत्या पुढं वाकल्या आणि माझ्या उजव्या हातावर कपाळ टेकलं.

“आत्या! अहो, मी सून आहे तुमची!”

“गप,” त्या म्हणाल्या, कपाळ न उचलता. “सुनंला कोण करतंय? ह्या हाताला करतीया.”